काळे पडदे आणि भोकाचा पैसा
युद्धकाळातील मुंबईचे बालपण

युद्धाला दोन बाजू असतात. सैनिक लढतात ती आघाडी आणि घरची माणसे राहतात ती पिछाडी. हिब्रूत पिछाडीला ‘ओरेफ’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मानेची मागची बाजू. इस्राएलमध्ये वाढणाऱ्या मुलांना हा शब्द सायरनमुळे लहानपणीच कळतो. आज नव्वदीच्या आसपास असलेल्या आजी-आजोबांनी अशीच पिछाडी दुसऱ्या महायुद्धात मुंबईत पाहिली.

युद्ध १९३९ साली सुरू झाले, पण मुंबईच्या घरांत ते खऱ्या अर्थाने १९४२ साली शिरले. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. जपानी विमाने मुंबईवर येतील अशी धास्ती बसली. खिडक्यांना काळे पडदे लागले. काचा फुटून अंगावर उडू नयेत म्हणून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. रस्त्यावरचे दिवे मंद झाले. रात्री उजेडाची एक रेघ जरी बाहेर दिसली, तरी खालून वॉर्डनची हाक येई. ज्यांची गावाकडे घरे होती, अशा कितीतरी मुंबईकरांनी बायका-मुलांना गावी पाठवले. मुंबईवर बॉम्ब कधीच पडले नाहीत; पण ते पडतील या भीतीत मुलांची काही वर्षे गेली.

दुसरा बदल झाला तो स्वयंपाकघरात. हिंदुस्थानात बराच तांदूळ ब्रह्मदेशातून येत असे. तो देश जपानच्या हाती गेल्यावर ही आवक बंद पडली. धान्य महागले, आणि मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तांदळाची भाकरी, नारळाच्या दुधातली आमटी आणि भात हे रोजचे जेवण असलेल्या बेने इस्राएल घरांना तांदळाची ही टंचाई जाणवल्यावाचून कशी राहणार? रेशनकार्ड घेऊन रांगेत उभे राहण्याचे काम पुष्कळदा मुलांकडे येई.

मुलांच्या खिशातही युद्ध होते. धातू वाचवण्यासाठी सरकारने १९४३ साली मधोमध मोठे भोक असलेला पैसा काढला. लोक त्याला भोकाचा पैसा म्हणू लागले. एखाद्या जुन्या डब्यात असा पैसा सापडला, तर तो या काळाचा पुरावा आहे.

मग आला १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्याही भरल्या होत्या. दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. जळता कापूस आणि तापलेले लोखंड दूरवर जाऊन पडले. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्यांतली एक मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवताना ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. भारतात १४ एप्रिल हा दिवस आजही त्यांच्या स्मरणार्थ पाळतात.

गोदीजवळच मांडवी. तिथे इस्राएल मोहल्ला आणि ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाणारे शाअर हारहमीम सिनेगॉग. थोडे उत्तरेला माझगाव, जिथे समाजाची सर एली कदूरी शाळा. आवाज इतका जवळून आला की जपानी आलेच, असे अनेकांना वाटले. सरकारने बातमीवर बंधने घातली होती, त्यामुळे खरे काय झाले हे लोकांना कित्येक दिवस नीट कळले नाही. अफवा मात्र फार पसरल्या.

लहान मुलाला तारीख आठवत नाही, सण आठवतो. एखादी आजी म्हणाली, “स्फोट झाला तेव्हा आमच्याकडे पेसाख होता,” तर तिची आठवण पंचांगाशी ताडून पाहता येते. त्या दिवशी निसान महिन्याची २१ तारीख होती, वर्ष ५७०४. म्हणजे पेसाखचा सातवा दिवस. तांबडा समुद्र दुभंगून इस्राएल लोक पार झाले, ती हकिकत या दिवशी सिनेगॉगमध्ये वाचतात. संध्याकाळी शब्बाथ लागायचा होता. आजीची आठवण बरोबर ठरते, आणि मुंबईच्या इतिहासात नसलेली एक ओळ तिच्याकडून मिळते: त्या दिवशी एका बेने इस्राएल घरात काय चालले होते.

ही मुले मोठी होऊन इस्राएलला आली. सुरुवातीच्या वर्षांत आलेल्यांना इथेही ‘त्सेना’चे रेशन मिळाले. पुढे १९६७ आणि १९७३ मध्ये खिडक्या पुन्हा काळ्या झाल्या. १९९१ मध्ये चिकटपट्ट्या लावून बंद केलेल्या खोलीत मुखवटे घालून बसावे लागले. आज नातवंडे ममादमध्ये धावतात. पण मुंबईतले ते पहिले काळे पडदे फार थोड्यांना आठवतात, आणि त्यांचे वय झाले आहे.

म्हणून “युद्धाचे काहीतरी सांगा” असे विचारू नये. त्यावर बहुधा “काय सांगू?” एवढेच उत्तर येते. लहान आणि नेमके प्रश्न विचारावेत. पडदे कोणी शिवले? दिवा कशाने झाकला? रेशनच्या दिवसांत मलिद्याला पोहे कुठून आले? स्फोट झाला तेव्हा हात कोणी धरला होता? उत्तर मराठीतच लिहून घ्यावे, सांगणाऱ्याच्या शब्दांत, आणि खाली त्यांचे नाव, गाव आणि त्या वेळचे वय लिहावे.