कात्री हाती घेण्यापूर्वी : उमेदवारी की कोर्स?

दहावीचा निकाल लागला की सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत घरोघरी एकच प्रश्न असतो, पुढे काय? एखादी मुलगी म्हणते, "मला केस कापायचे काम शिकायचे आहे," आणि आईवडील गप्प होतात. गप्प होण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते; पण अस्पृश्याच्या केसांना कोणी हात लावीत नसे. घरातल्यांचे केस थोरली बहीणच कापीत असे. असा नकार देणे पुढे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. आज आपली लेक त्याच खुर्चीमागे कात्री घेऊन उभी राहणार असेल, तर त्यात कमीपणा कसला?

आता शिकण्याच्या वाटा पाहू.

पहिली वाट खाजगी कोर्सची. काही आठवड्यांत केस धुणे, भाग पाडणे, दोन-चार कट, रंग लावणे दाखवतात. सुरुवातीला हे बरे. पण सराव पुतळ्याच्या डोक्यावरच झाला, तर हात बसत नाही. कुरळे, विरळ, तेलकट अशा नाना तऱ्हांच्या केसांवर कात्री चालवल्याशिवाय अंदाज येत नाही.

दुसरी वाट उमेदवारीची. हात बसतो तो इथेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे लेखी करार होतो आणि दरमहा विद्यावेतन मिळते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान चार माणसे कामाला असलेल्या आस्थापनेलाच असा उमेदवार घेता येतो. तीस व त्यावर माणसे असतील तर घ्यावाच लागतो. दोन खुर्च्यांचे दुकान यात बसत नाही. तिथे तोंडी बोलणी होतात आणि मुलगी महिनोन् महिने झाडू मारीत, टॉवेल धूत राहते. म्हणून कात्री केव्हा हातात देणार आणि महिन्याला काय देणार, हे आधीच ठरवून घ्यावे.

तिसरी वाट आय.टी.आय.ची. कॉस्मेटोलॉजी हा तिथला एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात केस व त्वचेची निगा शिकवतात आणि परीक्षेनंतर सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते. आपल्या जवळच्या संस्थेत हा ट्रेड आहे का, याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

आमचे म्हणणे एवढेच, की जमल्यास आधी आय.टी.आय. करावे आणि मग मोठ्या सलूनमध्ये उमेदवारी. खाजगी कोर्सच करायचा असेल, तर तीन गोष्टी विचाराव्या : खऱ्या गिऱ्हाइकांवर किती सराव मिळेल? प्रमाणपत्र कोणाचे? मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठे कामाला आहेत? त्या मुलींना भेटूनच पैसे भरावे. फीसाठी व्याजाने पैसे मात्र काढू नयेत. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि हप्ता घरखर्चातून जातो.