घरपट्टीचं पाकीट

आमच्या भिशीतली एक मैत्रीण परवा घाबरीघुबरी होऊन आली. हातात घरपट्टीचं बिल. "ताई, सहा हजारांची पट्टी, आणि हा आकडा बघा हो!" यजमान गेल्यापासून तीन वर्षं बिलं फ्रिजवर साठत होती. "हे सगळं हेच बघायचे," एवढंच म्हणाली.

मग चहा ठेवला आणि दोघी बिल घेऊन बसलो. ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, घरपट्टीचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. कर दोन सहामाहींत विभागलेला असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मुदतीत भरला नाही की थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती. म्हणजे सहा हजार थकले, तर महिन्याला 120 आणि वर्षाला 1,440 रुपये. बँक एवढं व्याज देते का कधी? तरीही दुर्लक्ष केलं, तर नोटीस आणि पुढे जप्तीही येऊ शकते.

बिलात सामान्य कराखेरीज वृक्ष कर, शिक्षण कर असे रकानेही असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करते. उलट, वर्षाचा कर सुरुवातीलाच एकरकमी भरला, तर सवलत मिळते. तिची मुदत दरवर्षी जाहीर होते. ठाण्यात ही सवलत सामान्य करावर असते.

"व्याजमाफी निघते म्हणे?" तिनं विचारलं. निघते. कल्याण-डोंबिवलीत 2020 साली अभय योजनेत 75 टक्के व्याज माफ झालं होतं. पण पुढची कधी येईल याचा नेम नाही, आणि तोवर शास्ती काही थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रभाग कार्यालयात गेलो. तिनं काही रक्कम भरली, पावती घेतली. पट्टी अजून यजमानांच्याच नावावर होती. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, सोसायटीचं पत्र अशी कागदपत्रं जमवायला लागलो.

मैत्रिणींनो, किराणा, फी, दूधवाला सगळ्यांचा हिशोब आपल्या तोंडावर असतो. मग राहत्या घराच्या कराचाच का नसावा? डब्यात महिन्याला पाचशे टाकले, तर वर्षाचे सहा हजार उभे राहतात. आज एवढंच करा. आपल्या घराचं बिल काढा, त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा, आणि पावत्या कुठे ठेवल्यात ते घरात विचारा. सगळं सुरळीत आहे तेव्हाच!