जुनी पिकअप सुरू होईना, तेव्हा



गेल्या अंकातल्या जमाखर्चात ‘वाहन दुरुस्ती’ हे कलम वाचून मंडळीतील काही बंधुभगिनींनी विचारले, की इतकी जुनी गाडी अजून ठेवता तरी का, आणि दरवेळी तिचे नेमके बिघडते काय? प्रश्न रास्त आहे. धडगावच्या पलीकडच्या पाड्यांवर ही पिकअप म्हणजे औषधांची पेटी, धान्याची गाडी आणि वेळ पडली तर रुग्णवाहिका. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत अडलेल्या बाईला आणायचे, ते एक तर झोळीतून खांद्यावर, नाही तर पिकअपमधून. म्हणून चावी फिरवल्यावर गाडी गप्प राहणे आम्हाला परवडत नाही. तिची देखभाल माझ्याकडे आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी असेल, त्यांनाही याचा उपयोग होईल.

आधी एक समजून घ्यावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल लोखंडासारखी होते, आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. मग विजेचे काम काय? आमच्या गाडीत तीन कामे: सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवणे, थंडीत हीटर प्लग तापवणे, आणि पंपावरचा सोलेनॉइड उघडून डिझेल आत सोडणे. यांतले कुठले अडले, ते पाना हातात घेण्याआधी कान सांगतो.

चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, पण हेडलाइट झगझगीत पेटतात, तर बॅटरी बहुधा ठीक आहे. वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही. चावीचा स्विच, रिले, किंवा सेल्फवरची बारीक वायर पाहावी. ती वायर चिखलपाण्यात सैल होते. टक्-टक्-टक् असा आवाज आला आणि लाइट विझत आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे. ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. टर्मिनल काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. उलट केले आणि धन टर्मिनलवरचा पाना बॉडीला लागला, तर ठिणग्यांचा पाऊसच. पुसून झाल्यावर वरून थोडे व्हॅसलिन.

सर्वांत फसवा आवाज तिसरा: घर्र… घर्र… असा रेंगाळणारा. इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. मागच्या हिवाळ्यात तोरणमाळच्या बाजूला थंडी पडली आणि पिकअप रोज सकाळी अशीच कण्हू लागली. शहरातल्या एका गॅरेजने निदान केले: बॅटरी नवी घाला, सेल्फ नवा घाला. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी धक्का मारून परत आणली आणि मल्टिमीटर काढला. हे यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळते, आणि माझ्या मते पाड्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ते असावे.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये; थकलेली बॅटरीही रिकामी उभी असताना चांगली दिसते. सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगून पुन्हा मोजले: ११ व्होल्ट. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घ्यायचा. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. सेल्फ फिरताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवे. दिसले १.९! धन बाजूला ०.३ व्होल्टची घट होती. दोन्ही वजा केल्यावर सेल्फच्या वाट्याला उरले ८.८ व्होल्ट. तो बिचारा कण्हणार नाही तर काय करणार?

कारण अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे चासिसशी त्याचा विजेचा संबंध एका जाड विणलेल्या पट्टीनेच जोडलेला असतो. दर पावसाळ्यात नाले ओलांडून ती पट्टी बोल्टखाली कुजली होती. आणखी एक खूण होती: सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत होती. मोठी वाट बंद झाली की वीज अशी चोरवाटेने जाते. केबल गरम लागली तर दुसरे काही न पाहता अर्थिंग पाहावे. नवी पट्टी, सँडपेपरने घासलेले लोखंड, घट्ट बोल्ट. खर्च दोनशेच्या आत. बॅटरी आणि सेल्फ अजून जुनेच आहेत.

चौथा प्रकार: सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चावी ‘ऑन’ करताच पंपाजवळ बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवा, तो सोलेनॉइड. ऐकू येत नसेल तर आधी फ्यूज, मग त्याची वायर. (बॅटरी साफ मेलेली असली तर धक्का मारूनही डिझेल गाडी का उठत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच असते.) ‘टक्’ येतो, थंडीत पांढरा धूर निघतो आणि गाडी अडखळते, तर हीटर प्लग. जोडपट्टी काढून बॅटरीच्या धन टोकापासून टेस्ट लॅम्पची तार एकेका प्लगला लावावी; दिवा पेटला नाही तो प्लग गेला. आमच्या चारपैकी दोन गेलेले निघाले. काही ड्रायव्हर अशा वेळी हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारतात. हीटर प्लग असलेल्या गाडीत ते कधीही करू नये, आत स्फोट होऊ शकतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर भरतो आहे. ‘डायनामो तपासतो’ म्हणून चालू गाडीची बॅटरी काढणारे मिस्त्री भेटतात; त्यांना तिथेच थांबवावे, डायोड जळतात.

आणि ज्यांची गाडी आठवडाभर उभी राहून उतरते त्यांच्यासाठी: बंद गाडीत मीटर ॲम्पियरवर ठेवून ऋण टर्मिनलच्या वाटेत जोडावा. ०.०५ ॲम्पियरपर्यंत ठीक. आमच्या गाडीत अर्धा ॲम्पियर दिसला. म्हणजे दिवसाला १२ ॲम्पियर-तास. पाच दिवसांत ६० गेले, जवळजवळ सगळी बॅटरी. एकेक फ्यूज काढून पाहिला, तरी आकडा हलेना. अखेर सापडला तो भक्तिगीतांच्या ॲम्प्लिफायरसाठी कोणी हौसेने थेट बॅटरीला जोडलेला कन्व्हर्टर. आता त्याला वेगळा स्विच बसवला आहे, आणि धन वायरवर बॅटरीलगत फ्यूजही.