सरबताचा हात

भारतीय व्हिस्कीच्या लेबलवर बारीक अक्षरांत ४२.८ टक्के असा एक अडनिडा आकडा असतो. सरळ ४० का नाही, ४५ का नाही? जुन्या ब्रिटिश मोजणीत ५७.१ टक्के मद्यार्क म्हणजे १०० प्रूफ. आपल्याकडे ७५ प्रूफ ठरलं, आणि ५७.१ चा पाऊण हिस्सा ४२.८ भरतो. प्रूफची भाषा गेली, आकडा राहिला. घरी व्हिस्की सावर करायला घेणाऱ्याच्या हातातली कृतीही अशीच परक्या मोजणीतून आलेली असते: ६० मिलिलिटर व्हिस्की, २२ मिलिलिटर लेमनचा रस, तेवढाच साखरेचा पाक. हे माप चुकीचं नाही, पण ते वेगळ्या दारूसाठी आणि वेगळ्या लिंबासाठी बसवलेलं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या स्वयंपाकघरात ते जसंच्या तसं वापरलं की पेय बिघडतं आणि खापर व्हिस्कीवर फुटतं. वास्तविक आपल्याकडच्या साध्या व्हिस्कीला सगळ्या जुन्या कॉकटेलांत सावरच सर्वांत जास्त मानवतो. तो करायला सरबताचा हात मात्र पाहिजे.

आधी बाटलीत काय आहे ते पाहू. युरोपीय कायद्यानुसार व्हिस्की धान्यापासूनच करावी लागते आणि किमान तीन वर्षं लाकडी पिंपात मुरवावी लागते. भारतात तशी सक्ती नाही. उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला, जवळजवळ चवहीन असा शुद्ध मद्यार्क, त्यात थोडी माल्ट व्हिस्की, कधी आयात केलेलं स्कॉच, आणि रंगासाठी करपवलेली साखर, अशी आपल्या बहुतेक खपाऊ ब्रँडांची घडण असते. हे गुपित नाही, नियमांना धरूनच चालतं. या धंद्यात संभाजीनगर नवखं नाही. शेंद्र्याला रॅडिको एनव्हीची डिस्टिलरी आहे, शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत कार्ल्सबर्गसह बिअरचे कारखाने आहेत. म्हणजे गावाला दारू करण्याचं तंत्र पक्कं ठाऊक आहे. पेल्यात ती कशाशी जुळवायची, हा विचार मात्र सोडा, पाणी आणि चकण्याच्या पुढे फारसा गेलेला नाही. एखाद्याला हौस आलीच तर तो ‘ओल्ड फॅशन्ड’ करायला घेतो, कारण त्यात करायचं काहीच नसतं: साखर, बिटर्सचे दोन थेंब, बर्फ, संत्र्याची साल. पण हे पेय पिंपातल्या लाकडाच्या चवीवर उभं असतं. व्हॅनिला, मसाला, भाजलेल्या लाकडाचा वास हे सगळं व्हिस्कीत आधीपासून असेल तर साखर ते वर आणते. नसेल तर साखर एकटी पडते आणि मागे घशातली जळजळ उरते. साध्या व्हिस्कीला लपायला जागा देणारं पेय हवं, आणि ती जागा लिंबू देतं.

ही कल्पना परदेशी वाटते, पण तिची पाळंमुळं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. सावर हा पंचचा वंशज. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचं हे पेय ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी हिंदुस्थानात उचललं. १६३२ सालच्या कंपनीच्या एका पत्रात ‘पंच’चं नाव येतं. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, जुन्नर, गोवा असा फिरला. गोव्यातल्या नेरूळच्या उत्तम अराकपासून इंग्रज लोक ‘पाँच’ करतात आणि त्या शब्दाचा अर्थ पाच, असं त्यानं लिहून ठेवलं. काही अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही. त्यांच्या मते शब्द ‘पंचिअन’ नावाच्या पिंपावरून आला असावा, शिवाय जुन्या कृतींत जिनसा नेहमी पाचच असत असंही नाही. आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण शब्द कुठलाही असो, जोडणीबद्दल वाद नाही. आंबट, गोड, पाणी आणि वर चिमूटभर वास ही आपल्या लिंबू सरबताचीच मांडणी आहे. पुढे मोठ्या भांड्यातला पंच एकेका पेल्यापुरता आटला आणि १८६२ साली जेरी थॉमसच्या न्यूयॉर्कला छापलेल्या पुस्तकात ‘सावर’ म्हणून वेगळा दाखल झाला. तेव्हा संभाजीनगरात कुणी व्हिस्कीत लिंबू पिळतो तो साहेबाची नक्कल करतो, हे म्हणणं अर्धवट इतिहासाचं आहे.

आता प्रत्यक्ष हाताचं काम. लेमनचा रस मऊ आणि सुवासिक. आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं आणि करकरीत आंबट. त्याचे २२ मिलिलिटर घातले की व्हिस्की दिसेनाशी होते; १८ पुरे होतात. रसरशीत लिंबाचे साधारण १५ मिलिलिटर निघतात. उन्हाळ्यात लिंबू महाग आणि कोरडं होतं, तेव्हा एकाच्या जागी दोन लागतात. पिळताना शेवटचा थेंब काढायचा हट्ट सोडावा, कारण त्या थेंबाबरोबर सालीचा कडवटपणा उतरतो. घरोघरी सरबत करणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. साखर आणि पाणी समसमान घेऊन विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार येऊ द्यायची नाही. असा पाक २० मिलिलिटर. गुळाचा मोह होतो, पण मळीच्या मद्यार्कावर गूळ म्हणजे एकाच घराण्यातली दोन माणसं एकाच वेळी बोलू लागल्यासारखं होतं. फेसासाठी अंड्याचा पांढरा बलक घालतात. तो घातला तर आधी बर्फाशिवाय हलवावं लागतं. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे काबुली चणे उकडलेलं दाट पाणी तेच काम करतं. पुरणाच्या कटाची भावकीच ती.

शेकर नसला तरी अडत नाही, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. बर्फ मात्र फ्रीझरमधून थेट डब्यात जायला हवा. एप्रिल-मेच्या ओट्यावर तो पाच मिनिटं वाटीत राहिला की अंगावर पाणी धरतो, आणि ते पाणी पेय गार होण्याआधीच पातळ करतं. बारा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की डब्याच्या अंगावर दव धरतं, बोटं बधिर होऊ लागतात. थांबायची खूण तीच. एवढ्यात अंदाजे ३० मिलिलिटर बर्फ वितळून पेल्यात उतरलेला असतो, आणि ४२.८ टक्क्यांची व्हिस्की विसाच्या आसपास आलेली असते. हे पाणी भेसळ नाही, कृतीतला चौथा जिन्नसच आहे. पाचवा जिन्नस जालना-पैठणच्या बागांत पिकतो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रस इथे उपयोगाचा नाही: आंबटपणा अगदी बेताचा, आणि काढून ठेवला की कडू होतो, म्हणून रसवाले गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच पिळतात. पण सालीचा पातळ, पांढरा भाग वगळलेला काप पेल्यावर दुमडला की तेलाचा सूक्ष्म फवारा उडतो आणि फेसावर बसतो. बिटर्सची महागडी बाटली नसली तरी या वासानं पेय पुरं होतं.

चांगली व्हिस्की लिंबात बुडवणं हा अपराध आहे, असं जाणकार म्हणतील. चांगल्या व्हिस्कीपुरतं ते खरंच आहे. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉनची सिंगल माल्ट पाण्याच्या दोन थेंबांबरोबरच घ्यावी. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के दारू उडून जाते, आपल्या उष्ण हवेत त्याच्या कित्येक पट. इतकं गमावून जे उरतं ते सरबतात घालणं उधळपट्टी ठरेल. सावर ही रोजच्या बाटलीची सोय आहे, तिनं त्यापुढे जाऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ज्या राज्यात गावातल्या निम्म्या बायकांनी मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं, ‘आडवी बाटली’ ही जिथे त्या मतदानातली खूण आहे, तिथे दारू चवदार करण्याची कला शिकवावी का? कायद्याचं उत्तर सरळ आहे: वय २५ पूर्ण हवं, आणि घरी पिण्यासाठीसुद्धा परवाना हवा. नैतिक उत्तर तितकं सोपं नाही. कॉकटेल म्हणजे हलकं पेय, हा समज साफ खोटा. ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. त्यात लिंबू पिळलं म्हणून एकही ग्रॅम कमी होत नाही. उलट जळजळ झाकली गेल्यामुळे दुसरा पेला लवकर भरला जातो, आणि तिसऱ्या पेल्याला पुरी क्वार्टर संपलेली असते. म्हणून या कृतीत मोजायचा पेला सगळ्यात महत्त्वाचा. लिंबाला आणि साखरेला सरबताचा हात चालेल, व्हिस्कीला अंदाज चालणार नाही. क्वार्टर उघडली की संपवायची, या सवयीत मोजायला जागाच नसते. सावर करताना प्रत्येक पेल्याला लिंबू कापावं लागतं, बर्फ काढावा लागतो, डबा विसळावा लागतो. तेवढा खोळंबा आपोआप होतो. तो सगळ्यांना पुरेल असा दावा करता येत नाही. ज्याचं पिणं हाताबाहेर गेलं आहे त्याला लिंबू वाचवत नाही.

आणि पाण्याचं काय? एप्रिल २०१६ मध्ये जायकवाडी धरण कोरडं पडलं असताना उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं, मग ६० टक्क्यांनी तोडायला सांगितलं होतं. शहराच्या नळालाही पाणी काही दिवसांआडच येतं, आणि तेही त्याच धरणाच्या जलाशयातून, नाथसागरातून. घरातला बर्फाचा ट्रे भरतो तो त्या साठवलेल्या पाण्यानंच. टाकीचा किंवा क्लोरीनचा वास बर्फात उतरला तर मोसंबीची सालही तो झाकू शकत नाही. सावर करायचा असेल तर आदल्या रात्री पाणी उकळून, गार करून मगच ट्रे भरावा.