ग्रुपवर गप्प बसणाऱ्यांसाठी

मोबाइल आणि मुलं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पासवर्ड आणि ओटीपीबद्दल बोललो. तो भाग त्या मानाने सोपा होता, कारण तिथे फसवणारा परका असतो. आजचा विषय अवघड आहे. सायबर छळात त्रास देणारा, तो सोसणारा आणि बघणारे बहुतेक वेळा एकाच वर्गात बसतात.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका ठरावापासून करू. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलं की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. ठराव मांडला सरपंच शरद आरगडे यांनी. शाळकरी मुलांनी संध्याकाळी ७ ते ९ मोबाइल बाजूला ठेवावा, असंही या गावाने ठरवलं. भांडणात शिवी आलीच, असं आपण धरून चालतो आणि ‘रागात निघून गेली’ म्हणून सोडूनही देतो. सौंदाळ्याने दोघांच्या भांडणातली शिवी सगळ्या गावाची बाब केली. जिला ती लागली तिनेच एकटीने दाद मागायची, ही रीत मोडली. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नेमकी हीच गोष्ट हवी आहे.

समजा, आठवीचा वर्ग आहे. स्नेहसंमेलनातल्या एका फोटोत एका मुलीचे डोळे अर्धवट मिटलेत, तोंड उघडं आहे. कुणीतरी तेवढाच चेहरा कापून स्टिकर केलं. याला मिनिटभरही लागत नाही. रात्री साडेनऊला ते ग्रुपवर पडलं. चार-पाच जणांनी हसण्याचे इमोजी टाकले, एकाने खाली तिच्या रंगावरून एक ओळ लिहिली. बाकीचे तीस-चाळीस जण बघून गप्प बसले. सकाळपर्यंत स्टिकर दुसऱ्या तुकडीत आणि क्लासच्या ग्रुपवर पोचलेलं. करणाऱ्याला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘मस्करी केली, सर.’

मैदानावरची चिडवाचिडवी घरी गेलं की थांबते. ही मात्र अंथरुणातही चालूच राहते. ती मुलगी रात्रभर तेच पुन्हा पुन्हा उघडून बघते, कुणी कुणी पाहिलं असेल ते मनात मोजते. गप्प बसलेल्यांना वाटतं, आपण काहीच केलं नाही. तिच्या हिशेबात मात्र ते हसणाऱ्यांच्याच बाजूला असतात. म्हणून मुलांना शिकवताना ‘कुणाला छळू नका’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. वर्गात छळणारे थोडे असतात आणि बघणारे पुष्कळ. धडा या पुष्कळांना द्यायचा आहे.

त्यांनी काय करायचं? स्टिकर पुढे पाठवायचं नाही, ‘बघ काय आलंय’ म्हणून जिवलग मित्रालाही नाही. त्या मुलीला वेगळा मेसेज करायचा : ‘मी पाहिलं. मला आवडलं नाही. उद्या मी तुझ्यासोबत बाईंकडे येते.’ एवढ्या दोन-तीन ओळींनी तिचं एकटेपण संपतं. धीर असेल तर ग्रुपवरच लिहायचं, ‘हे डिलीट कर.’ ग्रुप अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. वर्गातली मुलं अ‍ॅडमिन असतील, तर ही जबाबदारी त्यांना आधीच समजावून द्यायला हवी.

ज्याला त्रास होतोय त्याने रागाच्या भरात उलट शिवी द्यायची नाही. तिचाही स्क्रीनशॉट निघतो आणि मग दोघंही सारखेच दिसतात. आधी पुरावा धरायचा. मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा अकाउंटचं नाव, तारीख आणि वेळ हे सगळं दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. हे लगेच करायचं, कारण पाठवणारा दोनेक दिवसांपर्यंत आपला मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो. त्यानंतर रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक करण्याच्या घाईत पुरावा निसटू देऊ नये.

इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मजकूर एखाद्या मुलाचा वा मुलीचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही आणि पुरावा म्हणूनही तो कुणाला पाठवायचा नाही. असा फोटो पसरवणं हा पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, आणि जवळ ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. नंबर, लिंक आणि वेळ लिहून ठेवायची आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन नंबर प्रत्येक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर असावेत. जिवाला धोका वाटला तर ११२.

कायद्याबद्दल मुलांना खरं तेच सांगावं. दुसऱ्याच्या नावाने खोटं अकाउंट काढणं, परवानगीशिवाय खासगी फोटो पसरवणं, नको म्हटल्यावरही मुलीला सतत ऑनलाइन गाठणं हे गुन्हे आहेत. या शेवटच्या गोष्टीला भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पाठलाग म्हटलं आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ‘मी तर लहान आहे’ म्हणून प्रकरण संपत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पण त्या मंडळाचा हेतू मूल सुधारावं हा असतो. छळणारं मूलही आपलंच आहे. त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून त्याचा अपमान केला, तर ते शिकतं एकच गोष्ट : पुढच्या वेळी सापडायचं नाही. त्याला बाजूला घेऊन बसवा. त्याने लिहिलेली ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. स्टिकर जिथे जिथे पाठवलं तिथून काढायला लावा.

आता पालकांसाठी. मुलं घरी का सांगत नाहीत? सांगितलं की फोन जाणार, ही भीती मोठी असते. पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी घरांतून आई-वडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पुढचे काही महिने मुलं आजी-आजोबांजवळ असतात. त्या मुलांसाठी फोन म्हणजे आईचा आवाज. तो जाईल या भीतीने ती काहीही सोसतील. नोकरदारांच्या घरीही भीती तीच असते. म्हणून आजच मुलाला शब्द द्या : ‘काहीही झालं तरी मला सांग. सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही.’ आणि वेळ आली की तो शब्द पाळा. आजी-आजोबांना फोनमधलं कळत नसेल, तर शाळेतले एक शिक्षक किंवा बाई ठरवून द्या, ज्यांना मूल सरळ जाऊन सांगू शकेल. शाळेतली तक्रारपेटीही आठवड्याला उघडली गेली, तरच मुलांचा तिच्यावर विश्वास बसतो.

या आठवड्याचा उपक्रम वर्गशिक्षकांसाठी आहे. एका तासिकेला वर्गाची ग्रामसभा भरवा. सौंदाळ्याची गोष्ट सांगा आणि मुलांना स्वतःच्या ग्रुपसाठी ठराव करू द्या. विचारायचे प्रश्न असे : कुणाचा फोटो टाकण्याआधी कुणाला विचारायचं? रात्री किती वाजता ग्रुप बंद? रंग, जात, अंगकाठी, घरची परिस्थिती यांवरून कुणी लिहिलं, तर पहिला कोण बोलणार? ठराव मोडणाऱ्याने काय करायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त लिहून घ्या. सगळ्यांच्या सह्यांचा तो कागद भिंतीवर लावा आणि ग्रुपच्या माहितीतही टाका. वरून आलेला नियम मुलं टाळतात. स्वतः हात वर करून मान्य केलेला ठराव मोडताना मात्र त्यांना वर्गातल्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या लेखांकात : ऑनलाइन गेममध्ये भेटणारे अनोळखी ‘मित्र’ आणि त्यांना ओळखायच्या खुणा.