समुद्रकांठच्या कायद्याचा वकील

शेतकऱ्याचा मुलगा वकील झाला म्हणजे तो जमिनीस पारखा झाला, अशी आमच्यांत समजूत आहे. पर्यावरण व समुद्रकिनारा यांसंबंधीं कायद्याचें काम करणाऱ्या वकिलास ती लागू पडत नाहीं. माती व पाणी हाच त्याच्या कामाचा विषय होय.

तामिळनाडू व आंध्र प्रदेश यांच्या किनाऱ्यावर कोळंबीचीं तळीं झालीं आणि शेजारच्या भातखाचरांत व विहिरींत खारें पाणी उतरलें. ग्रामस्वराज्य चळवळीचे एस्. जगन्नाथन् यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यांची बाजू वकील एम्. सी. मेहता यांनीं मांडली. न्यायालयानें नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडून पाहणी करविली. ११ डिसेंबर १९९६ रोजीं निकाल झाला: पारंपरिक पद्धतीचीं सोडून नियंत्रित किनारपट्टींतील तळीं मोडावीं, व नुकसानी प्रदूषण करणाऱ्यांकडून घ्यावी. परंतु २००५ सालीं संसदेनें किनारी जलशेतीचा कायदा करून ती किनारपट्टीची बंदी अशा तळ्यांपुरती पूर्वलक्षी रीतीनें उठविली. तेव्हां निकाल हातीं आल्यावरही, नवा कायदा कोठें घडत आहे इकडे या वकिलास लक्ष ठेवावें लागतें.

या व्यवसायाची वाट अशी: बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा कायद्याचा अभ्यास, राज्याच्या वकील परिषदेंत नोंदणी, अखिल भारतीय वकिली परीक्षा, आणि मग जाणत्या वकिलाच्या हाताखालीं उमेदवारी. २०१० च्या कायद्यानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण निर्माण झालें. त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यास आहे. तेथें पर्यावरणाच्या तंट्याच्या अर्जास सामान्यतः ६ महिन्यांची, तर नुकसानभरपाईच्या अर्जास ५ वर्षांची मुदत आहे.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. नुकसान खरें, पण कागद नाहीं, अशीं प्रकरणें तेथें नित्य येत. विहीर पूर्वीं गोडी होती याचा दाखलाच नसेल, तर निष्णात वकील तरी काय करील? यास्तव खाडीकांठच्या आमच्या बंधूंनीं दरसाल विहिरीचें पाणी व शेताची माती तपासून घ्यावी आणि अहवाल सातबाऱ्याबरोबर जपून ठेवावेत.

घरांत हुशार मुलगा अथवा मुलगी असेल, तर त्यांस या शाखेकडे अवश्य वळवावें. उधाण, खाजण, खारबंदिस्ती, उघाडी हीं त्यांस लहानपणापासून ठाऊक असतात. शहरांत वाढलेल्या वकिलास तीं समजून घेण्यांतच वर्षें जातात.