बेडकाच्या फुप्फुसात काय असते?

या पावसाळ्यात आम्ही तिघांनी एक बेडूक गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. झाकणाला खिळ्याने भोके पाडली, किडे पण टाकले. तरी तिसऱ्या दिवशी तो मेला. भोकातून हवा तर येत होती, मग मेला कसा? मी गुरुजींना विचारले. गुरुजी आधी रागावले, मग त्यांनी फळ्यावर बेडकाचे फुप्फुस काढून दाखवले. ते मी सांगतो.

बेडकाला आपल्यासारखीच दोन फुप्फुसे असतात. पण आपले फुप्फुस आतून स्पंजासारखे भरलेले असते. बेडकाचे म्हणजे नुसती पातळ पिशवी, मधे पोकळ. तिच्या आतल्या बाजूला बारीक पडदे असतात, त्यामुळे मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर कप्प्यांच्या भिंतीत केसाहून बारीक रक्ताच्या नळ्यांचे जाळे दिसते. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. हवा आणि रक्त यांच्यामधे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू रक्तात जातो.

हे जाळे पहिल्यांदा इटलीतल्या मार्सेलो मालपिघी नावाच्या डॉक्टरने १६६१ साली पाहिले, आणि तेही बेडकाच्याच फुप्फुसात! ते पातळ असते ना, म्हणून आरपार दिसते. त्याच्या आधी इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ साली लिहिले होते की रक्त शरीरात गोल फिरते. पण धमनीतून शिरेत ते कुठून जाते हे त्याला दिसले नव्हते. हार्वे १६५७ साली वारला. चार वर्षे अजून जगला असता तर त्याला कळले असते.

आता आमचा बेडूक. त्याच्या फुप्फुसात कप्पे थोडे, म्हणून जागा कमी. तेवढ्यावर त्याचे भागत नाही. तो कातडीतूनही श्वास घेतो, पण कातडी ओली असली तरच. आम्ही डब्यात पाणीच ठेवले नव्हते. त्याची कातडी वाळली.

आणखी एक. बेडकाला आपल्यासारखी छाती फुगवता येत नाही. तो तोंडात हवा घेतो, नाकपुड्या मिटतो नि हवा आत ढकलतो. तोंड उघडे राहिले तर हवा ढकलता येत नाही. म्हणून त्याच्या तोंडात कुणी काडी घालू नका.

हापशाजवळ एक मोठा बेडूक बसतो. त्याचा गळा सारखा हलतो. मी मोजायला बसलो होतो, पण गुरुजी म्हणाले, दर वेळी हवा फुप्फुसात जात नाही, मधेच एकदा जोरात हलतो तेव्हाच जाते. आता परत पहिल्यापासून मोजतो आहे.

— इयत्ता ४ थी